फक्त बिडी

केसपेपर भरून घेणाऱ्या मुलीने मान वर न करता विचारलं, "धूम्रपान?"

आई म्हणाली, "नाही." मग काहीतरी सांगायचं राहिलं असं तिचं तिलाच वाटलं असावं. ती हलक्या आवाजात पुढे म्हणाली, "सिगारेट वगैरे नाही हो. फक्त बिडी."

तोवर त्या मुलीचं पेन पुढच्या रकान्यावर गेलं होतं. आण्णा बाकावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रेटून, खांदे वर चढलेले. श्वास आत घेताना गळ्याखाली खड्डा पडत होता. ज्याच्या छातीतला शीळ घालणारा आवाज दोन बाकांपलीकडे ऐकू येत होता, त्या माणसाच्या कागदावर 'धूम्रपान : नाही' असं लिहिलं गेलं. तो कागद पुढची तीन वर्षं फाइलमध्ये सगळ्यात वर होता. प्रत्येक नवा डॉक्टर तो वाचायचा आणि पुढचा प्रश्न विचारायचा.

मी शेजारीच उभी होते. मी दुरुस्ती केली नाही. त्या क्षणी मलाही आईचं उत्तर चुकीचं वाटलं नव्हतं, आणि हेच मला आजपर्यंत सलतं. कारण याच्या काही वर्षं आधी मी एका आरोग्य सर्वेक्षणात आठ महिने घरोघर फिरून लोकांना हाच प्रश्न विचारला होता.

'धूम्रपान' हा शब्द आमच्या घरात कधी कुणी उच्चारलेला मला आठवत नाही. तो एसटीत ड्रायव्हरच्या पाठीमागे लिहिलेला असायचा, सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर असायचा, शाळेच्या पुस्तकात असायचा. आमच्याकडे बिडी ओढतात, म्हातारी माणसं बिडी पितातसुद्धा. चिलीम ओढतात. तंबाखू मळतात, बार भरतात. मिश्री लावतात. मावा खातात. प्रत्येकाला त्याचं त्याचं क्रियापद आहे, प्रत्येकाची वेळ आणि जागा ठरलेली आहे, आणि या सगळ्यांना एका छपराखाली आणणारा शब्द बोलण्यात नाहीच. 'व्यसन' म्हणावं तर त्याचा अर्थ दारू. लग्न ठरवताना "मुलगा निर्व्यसनी आहे" असं सांगतात ते खोटं बोलत नसतात. त्या मुलाच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असते आणि ती सगळ्यांना दिसत असते. ती व्यसनात धरायची पद्धत नाही. अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करायचं तर "जरा तंबाखू काढा" म्हणायचं, ही आमच्याकडची ओळख करून घ्यायची रीत. ज्याने ओळख होते, त्याला माणूस रोग कसा म्हणेल?

सर्वेक्षणाच्या प्रशिक्षणात आम्हाला हे शिकवलं होतं. प्रश्न वाचायचा तो जसाच्या तसा, पण आधी यादी वाचून दाखवायची. बिडी, सिगारेट, चिलीम, हुक्का, सगळी नावं एकेक करून. नुसतं "तुम्ही ओढता का?" विचारलं की माणूस मनातल्या मनात ठरवतो की ताईंना सिगारेट म्हणायचंय, आणि मोकळ्या मनाने 'नाही' म्हणतो. मग "बिडी?" विचारलं की म्हणतो, "ती काय, असते की."

एका वाडीवर सत्तरीची एक आजी मला भेटली. घरातली नावं यंत्रात भरली की यंत्रच एक नाव निवडतं, आणि त्याच माणसाशी बोलायचं असतं. यंत्राने आजींचं नाव काढलं. सून म्हणाली, "त्यांना काय विचारता, त्यांना काही नाही. मालकांना विचारा." आजी ओट्यावर पाय पसरून बसलेल्या. मी तंबाखू खाता का विचारलं, तर "छे!" ओढता का, तर पदर तोंडाला लावून हसल्या. यादीत मिश्री आली तेव्हा त्या म्हणाल्या, "ते तर दातासाठी." उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापर्यंत काळी होती, नखाच्या कडेने तर कोळशासारखी. तव्यावर तंबाखू जळेपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची, आणि सकाळी बोटाने हिरड्यांवर फिरवत बसायचं. बाळंतपणातल्या कळा सोसायच्या म्हणून त्यांच्या सासूने त्यांना ती पहिल्यांदा लावायला दिली होती. दिवसातून किती वेळा लावता म्हटलं, तर बोटं मोडून मोजलं : पाच. रात्री झोपेत जाग आली तर सहावी. मी ते भरलं. सून आश्चर्याने बघत राहिली. रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट तिने पहिल्यांदाच आकड्यात ऐकली होती.

त्या आठ महिन्यांत मला कळलं की देशात किती माणसं तंबाखू ओढतात हा आकडा आकाशातून पडत नाही. तो अशा एकेका ओट्यावर तयार होतो. कोण विचारतंय, कोणता शब्द वापरतंय, शेजारी कोण उभं आहे, यावर तो हलतो.

भारतासाठी या बाबतीत सगळ्यात तपशिलात गेलेली मोजणी म्हणजे जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षण. पहिलं 2009-10 मध्ये झालं. दुसरं 2016-17 मध्ये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केलं. 15 वर्षांवरच्या 74,037 माणसांशी समोरासमोर बसून बोलणं झालं होतं. त्यातून निघालं ते असं : दर शंभर प्रौढांमागे 28.6 जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरतात. ओढणारे 10.7. पुरुषांत 19, बायकांत 2. म्हणजे देशात जवळजवळ 10 कोटी माणसं ओढणारी. त्याच्या सात वर्षं आधी, पहिल्या सर्वेक्षणात, ओढणाऱ्यांचं प्रमाण 14 होतं. ते खाली आलं.

या 10.7 च्या पोटात शिरलं की मला आमचं घर दिसतं. बिडी ओढणारे 7.7, सिगारेट ओढणारे 4. काही जण दोन्ही ओढतात म्हणून बेरीज जास्त भरते. बिडीवाले सिगारेटवाल्यांच्या जवळपास दुप्पट. मग सिनेमागृहात, पाट्यांवर, पोस्टरवर, वर्तमानपत्राच्या चित्रात प्रत्येक वेळी ती पांढरी, लांब, फिल्टरची नळी का असते? लाल रेघ मारलेल्या वर्तुळात मी बिडी काढलेली जवळपास पाहिलीच नाही. आण्णांनी आयुष्यभर त्या पाटीखाली बसून बिडी ओढली असेल आणि त्यांच्या मनालाही शिवलं नसेल की ही आपल्याविषयी आहे.

आपला देश एवढा मोठा की ओढण्याची तऱ्हाही दर शंभर मैलांवर बदलते. आंध्रच्या किनाऱ्यावर काही बायका चुट्टा ओढतात तो पेटतं टोक तोंडात धरून. गोव्यात फणसाच्या किंवा केळीच्या पानात तंबाखू गुंडाळून केलेली धुमटी, तीही काही जणी तशीच उलटी ओढत. मिझोराममध्ये तंबाखूचा धूर पाण्यात जिरवून ते पाणी तोंडात धरतात, त्याला तुईबुर म्हणतात. धूर आहे पण ओढणं नाही, कुठल्या रकान्यात घालायचं? सर्वेक्षणात ते धूरविरहितमध्ये जातं. आजींची मिश्रीही तिथेच, भाजताना घरभर तिचा धूर होत असला तरी.

राज्यांमधली तफावत पाहिली तर 'भारतात किती' या प्रश्नाचा अर्थच पातळ होतो. त्याच दुसऱ्या सर्वेक्षणात मिझोराममध्ये 34.4 टक्के प्रौढ ओढणारे निघाले. त्रिपुरात ओढणं-खाणं सगळं धरून 64.5. गोव्यात तेच 9.7. आणि महाराष्ट्रात ओढणारे फक्त 3.8 टक्के. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझा विश्वास बसला नाही. मी तक्त्यातली ओळ बोटाने धरून पुन्हा वाचली. शंभरात चार जणसुद्धा नाहीत! पण पुढच्या रकान्यात 24.4 होतं, धूरविरहित तंबाखूचं. आमचं राज्य ओढत नाही, चघळतं. एकूण 26.6 टक्के. 'स्मोकिंग'चा जगाचा तक्ता लावला तर महाराष्ट्र शहाण्या मुलासारखा पहिल्या बाकावर बसेल, आणि त्याच वेळी टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर गावोगावहून आलेली, गालाला फडकं बांधलेली माणसं बसलेली असतील.

मुंबईत 1990 च्या दशकात प्रकाश गुप्ता यांच्या चमूने जवळजवळ एक लाख माणसांना, 35 वर्षांवरच्या, घरी जाऊन विचारलं होतं. हातात धरायचे छोटे संगणक घेऊन, मतदार याद्यांवरून. तेव्हा निघालं की पुरुषांतले 69 टक्के आणि बायकांतल्या 57 टक्के तंबाखू वापरतात. ओढणारे पुरुष मात्र जेमतेम चौथा हिस्सा, आणि बायकांचं जवळपास सगळं तोंडातलं, त्यात मिश्री मोठी. नुसतं "ओढता का" विचारून परत आले असते तर या शहरातल्या निम्म्याहून जास्त बायकांची तंबाखू कागदावर उतरलीच नसती.

आणखी एक आकडा माझ्या डोक्यात घोळत राहतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तंबाखू वापरणाऱ्या बायका 8.9 टक्के निघाल्या. 2016-17 च्या त्या दुसऱ्या सर्वेक्षणात 14.2 होत्या. तीन-चार वर्षांत काही जणींनी सोडली असेलही, आणि तसं असेल तर मला आनंदच आहे. पण कुटुंब पाहणीत घरातला एक माणूस सगळ्यांच्या वतीने सांगतो. मला त्या वाडीवरची सून आठवते. "त्यांना काय विचारता, त्यांना काही नाही." तिने खोटं सांगितलं नव्हतं. तिने आजींच्या बोटाकडे कधी त्या नजरेने बघितलंच नव्हतं.

आता आमच्या घराचं सांगते. आम्ही सिन्नरचे. सिन्नरला पूर्वी बिडीचं गाव म्हणत. गल्लीत शिरलं की प्रत्येक दारात बाई बसलेली, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. आई बिड्या वळायची. कारखान्यातून टेंभुर्णीची पानं आणि तंबाखू तोलून मिळायची. संध्याकाळी ती पानं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, म्हणजे मऊ होतात. रात्री पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने कापायची. फर्म्याबाहेरची कातरण चुलीत जायची. पहाटे वळायला बसायची. तळहातावर पान, त्यावर चिमूट तंबाखू, अंगठ्याने एक फिरकी, टोक नखाने आत मोडायचं, दुसऱ्या टोकाला दोरा, दोन वेढे आणि झटका. हे तुम्ही वाचायला घेतलेल्या वेळात आईच्या तीन बिड्या झाल्या असत्या. पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार. हजार झाल्याशिवाय ती उठायची नाही, ताप असला तरी.

घरात तंबाखूचा खकाणा असायचा. उन्हाची तिरीप दारातून आत आली की तो दिसायचा, तरंगणारा. पोळीला, उशीला, आमच्या वह्यांना तोच वास. धाकटा भाऊ लहानपणी सारखा शिंकायचा. आई तर दिवसाचे आठ-नऊ तास त्यात. तिने जन्मात एक झुरका घेतला नाही. म्हणून ती कुठल्याच रकान्यात नाही.

कारखान्यात माल नेण्याआधी आई घरीच बिड्या निवडायची. सैल वळलेली, पान फाटलेली, दोरा सुटू पाहणारी बाजूला. तिकडे नेऊन नापास करून घेण्यापेक्षा घरात राहिलेली बरी. या बाजूला काढलेल्या बिड्या आण्णा ओढायचे. सर्वेक्षणात एक प्रश्न असतो : महिन्याला किती खर्च होतो? 2016-17 मध्ये देशाची सरासरी बिडीवाल्याची महिन्याला 284 रुपये होती, सिगारेटवाल्याची 1192. आमच्या घराचं उत्तर शून्य. आण्णांना बिडी हा कधी खर्च वाटला नाही. ते उरलेलं अन्न संपवावं तसं होतं.

पहाटे पाचला आण्णा ओट्यावर येऊन बसायचे. काडी ओढायचे, दोन्ही हातांची ओंजळ करून ज्योत आत घ्यायचे. त्यांचा चेहरा खालून उजळायचा, गालाची हाडं, मिशीची टोकं, आणि क्षणात विझायचा. बिडी दोन मिनिटं बोटांत राहिली, ती ओढली नाही, की विझते. टेंभुर्णीचं पान कागदासारखं आपोआप जळत जात नाही. सतत ओढत राहावं लागतं, आणि जोरात ओढावं लागतं. म्हणून तंबाखू सिगारेटपेक्षा कितीतरी कमी असूनही छातीत जाणारा धूर कमी नसतो. निकोटिन, डांबर, कार्बन मोनॉक्साइड उलट जास्तच जातं. हे मला फार पुढे कळलं. तेव्हा आम्ही भावंडं अंथरुणातून काड्यांचे आवाज मोजायचो. एका बिडीला तीन काड्या. चौथी काडी ओढली गेली की समजायचं, आण्णा आज काहीतरी विचारात आहेत.

पानाची आहे, गावठी आहे, त्यात औषधी काहीतरी असतं, बिडीने काही होत नाही : हे आम्ही सगळ्यांकडून ऐकलं. 2008 मध्ये याचा हिशेब मांडला गेला. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या 11 लाख घरांमध्ये झालेले मृत्यू तपासले. सुमारे 74,000 मेलेली प्रौढ माणसं, आणि तेवढीच जिवंत माणसं तुलनेला. निघालं की सिगारेट ओढणारा पुरुष सरासरी दहा वर्षं लवकर जातो, बिडी ओढणारा सहा. बिडी ओढणारी बाई आठ. आणि 2010 च्या दशकात ओढण्यामुळे होणारे मृत्यू वर्षाला 10 लाखांच्या घरात जातील, असं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. या मोठ्या अभ्यासाचा पाया काय होता? ज्या घरातून माणूस गेला त्या घरी जाऊन विचारायचं, "ते ओढायचे का?" मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. आमच्या घरी कुणी आलं असतं तर आई काय म्हणाली असती, ते मला माहीत होतं.

आण्णा 64 व्या वर्षी गेले. सरासरी एका माणसाला लावायची नसते, हे मला शिकवलेलं आहे. तरी मी सहा मिळवते.

आता जे लिहिणार आहे ते लिहिताना हात जड होतो. मी शिकले ती बिडीवर. आईचं बिडी कामगाराचं ओळखपत्र होतं, त्यावर कामगारांच्या मुलांना मिळणारी शिष्यवृत्ती मला मिळाली. 1976 च्या कल्याण निधीच्या कायद्यातून आलेले ते पैसे. माझी दहावीची पुस्तकं, नाशिकला जायचा पास, सगळं त्यातून. सरकारी हिशेबात देशात सुमारे 50 लाख बिडी कामगार आहेत, आणि त्यात बहुतेक बाया. सोलापूरला जा, संगमनेरला जा, निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत जा, प्रत्येक ठिकाणी तुम्हाला माझी आई सापडेल. म्हणून बिडीविरुद्ध बोलणारा माणूस टाय लावून बोलायला लागला की मला त्रास होतो. पण कामगारांची ढाल पुढे करून बिडी स्वस्त ठेवणारा माणूस बोलायला लागला की त्याहून जास्त होतो. 2025 च्या सप्टेंबरमध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आणायचं ठरवलं, टेंभुर्णीच्या पानावरचा 18 वरून 5 वर. सिगारेट, गुटखा 40 च्या टप्प्यात गेले आणि बिडी खाली उतरली. मला हे मान्य नाही. बिडी स्वस्त राहिली म्हणून वळणारीला हजारामागे चार पैसे जास्त मिळाले, असं आमच्या गल्लीत तरी कधी झालं नाही. ती स्वस्त राहिल्याने फक्त ओढणाऱ्याला आणखी एक कट्टा घेणं सोपं जातं, आणि ओढणारा बहुतेक वेळा त्याच गल्लीतला असतो.

महाराष्ट्राने काही चांगली पावलं टाकली आहेत. गुटखा 2012 मध्ये बंद केला. 2020 च्या सप्टेंबरमध्ये सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला बंदी केली. पाकीट पूर्ण घ्यावं लागलं तर त्यावरचं चित्र दिसतं, पोरांना परवडत नाही, हा त्यामागचा विचार, आणि तो बरोबर आहे. पण आमच्या स्टँडवर आजही दोरीला बांधलेला लायटर लोंबतो आणि सुटी मागितली की सुटी मिळते. बिडीच्या कट्ट्याचा कागद तर एवढा पातळ की त्यावरचं धोक्याचं चित्र घामाच्या हातात दोन तासांत पुसट होतं.

तरी आकडा खाली आला आहे हे नाकारायचं नाही. महाराष्ट्रात ओढणारे 2009-10 मध्ये 6.6 टक्के होते, सात वर्षांत 3.8 झाले. आमच्या गल्लीतही तसंच दिसतं. ओट्यावर बिडी ओढत बसणारे आता मोजून तीन म्हातारे. भावाचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. त्याला बिडीचा वाससुद्धा सहन होत नाही, "ते आजोबा लोकांचं काम" म्हणतो. गेल्या दिवाळीत त्याच्या पॅन्टच्या खिशात मला प्लास्टिकची चुरगळलेली पुडी सापडली. सुपारीचा भुगा, तंबाखू, चुना. मावा. मी त्याला ओरडले नाही. त्याच्या शेजारी बसले आणि विचारलं, किती दिवस झाले? तो म्हणाला, "आत्या, हे काही रोजचं नाही." मी विचारलं, "काल?" हो. "परवा?" हो. मग तो स्वतःच गप्प झाला.

एवढ्यावरून 'बिडी गेली आणि मावा आला' असं म्हणून मोकळं होता येत नाही. त्या सात वर्षांत महाराष्ट्रात चघळणारेही 27.6 वरून 24.4 वर आले. देशात 15 ते 24 वयाच्या मुलामुलींमध्ये तंबाखू 18.4 वरून 12.4 टक्के झाली. 15 ते 17 मध्ये तर दहावरून चारवर. पोरं खरंच कमी सुरू करताहेत. ज्यांनी शाळांच्या दारातल्या टपऱ्या हलवल्या, ज्या शिक्षकांनी आपली पुडी आधी टाकली आणि मग मुलांना सांगितलं, त्यांच्या कष्टाचं हे फळ आहे. माझा भाचा त्या उरलेल्यांमधला आहे, एवढंच. सोडायला मदत लागली तर 1800-11-2356 हा मोफत नंबर आहे. मी त्याच्यासमोर माझ्या फोनवरून तो लावला. तो आधी लाजला. मग फोन घेऊन गच्चीवर गेला. वीस मिनिटांनी खाली आला. काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही.

आण्णांच्या शेवटच्या वर्षातलं एक राहिलं. आम्ही दवाखाना बदलला होता. छातीच्या विभागात एक तरुण डॉक्टर मुलगी होती, बोलण्यावरून संगमनेरकडची वाटली. तिने फाइल उघडली, वरचा कागद वाचला, आण्णांच्या बोटांकडे पाहिलं. उजव्या हाताची दोन बोटं पिवळसर तपकिरी, कितीही धुतली तरी तशीच. ती फाइल मिटून आईकडे वळली. म्हणाली, "मावशी, दिवसाला किती कट्टे?"

आईचा चेहराच बदलला. पदर सावरून ती सरळ बसली. हा तिच्या धंद्यातला प्रश्न होता.

"आता नाही पुरा होत," ती म्हणाली. "दम लागतो ना. आता आठ-दहा. पण आजारी पडेस्तोवर एक कट्टा पुरता. लाइट गेली, झोप आली नाही तर वर चार. आमचं लग्न झालं तेव्हा अर्धा कट्टा होता. ही झाली त्या साली पुरा झाला." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "म्हणजे छत्तीस वर्षं धरा."

डॉक्टर लिहीत होती. तिने विचारलं, "एवढं पक्कं कसं सांगता, मावशी?"

"मीच तर रोज रात्री मोजून ठेवायचे," आई म्हणाली, "ह्यांच्या उशाशी."